एजंटाच्या पाठीशी कोण आहे?

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींत एखादा तरी विमा एजंट हमखास भेटतो. कोणी हा व्यवसाय पूर्णवेळ करतो, तर कोणी नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. आयुर्विमा काढायचा असो, गंभीर आजाराचा विमा घ्यायचा असो किंवा आई-वडिलांना सुपर व्हिसावर बोलवायचे असो, आपण बहुधा अशाच ओळखीच्या माणसाला फोन करतो. माणूस मराठी आहे, घरी येऊन समजावून सांगतो, चहा घेता घेता अर्ज भरून नेतो. यात गैर काहीच नाही.

पण एक प्रश्न आपण त्याला सहसा विचारत नाही. तो म्हणजे, "तुमच्या पाठीशी कोणती जनरल एजन्सी आहे आणि ती तुमच्यासाठी काय करते?" माझ्या मते एजंट कोण आहे याइतकेच महत्त्व या प्रश्नाला आहे. मी स्वतः विमा विकत नाही आणि कोणत्याही एजन्सीशी माझा व्यवहार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

विकास अधिकारी आणि जनरल एजन्सी

भारतातून आलेल्यांना एल.आय.सी.चा नमुना चांगला माहीत आहे. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून गावोगावचा एजंट विकास अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करत आला. विकास अधिकारी एजंट निवडायचा, त्याला शिकवायचा, अडले की शाखेतून काम करून द्यायचा. एजंट ढिला पडला, तरी "साहेबांकडे जाऊ" असे म्हणायला एक जागा होती.

कॅनडातही एके काळी चित्र बरेचसे असेच होते. मोठ्या विमा कंपन्यांची स्वतःची शाखा-कार्यालये असत आणि एजंट एकाच कंपनीचा असे. १९८० आणि १९९० च्या दशकांत अनेक कंपन्यांनी हा खर्चिक पसारा आवरता घेतला आणि स्वतंत्र एजंटांमार्फत विक्री वाढवली. स्वतंत्र एजंट म्हणजे जो एका कंपनीचा नोकर नाही आणि पाच-दहा कंपन्यांच्या पॉलिसी दाखवू शकतो. पण एकट्या माणसाला दहा कंपन्यांशी दहा करार करणे जमत नाही. कंपन्यांनाही वर्षाला मोजक्याच पॉलिसी देणाऱ्या हजारो एजंटांशी थेट व्यवहार ठेवणे परवडत नाही. या दोघांच्या मध्ये जी संस्था उभी राहिली, ती मॅनेजिंग जनरल एजन्सी. व्यवसायातले लोक तिला एम.जी.ए. म्हणतात. आपण या लेखात नुसते जनरल एजन्सी म्हणू.

ही एजन्सी अनेक कंपन्यांशी करार करते आणि तिच्या छत्राखाली शेकडो एजंट काम करतात. एजंटाचे कमिशन विमा कंपनी देते आणि त्यावर एजन्सीला वेगळा हिस्सा देते. त्याला ओव्हरराइड म्हणतात. आपल्या हप्त्यात मात्र त्यामुळे फरक पडत नाही. तीच पॉलिसी कोणत्याही एजन्सीमार्फत घेतली तरी दर तोच असतो. तेव्हा "मध्ये आणखी एक दलाल कशाला" हा आक्षेप पैशाच्या बाबतीत फारसा टिकत नाही. प्रश्न एवढाच उरतो की त्या हिश्शाच्या बदल्यात एजन्सी काही काम करते की नाही.

चांगली एजन्सी काय करते?

पहिले उदाहरण मधुमेहाचे घेऊ, कारण आपल्यापैकी क्वचितच एखादे घर त्यातून सुटले असेल. मधुमेह असलेल्या माणसाकडे सगळ्या विमा कंपन्या एकाच नजरेने पाहत नाहीत. आजार कोणत्या वयात सुरू झाला, साखर किती ताब्यात आहे, गोळ्या आहेत की इन्सुलिन, वजन आणि रक्तदाब किती, यावरून एक कंपनी अर्ज नाकारते, तर दुसरी जादा हप्ता लावून स्वीकारते. यात मेख अशी आहे की पुढच्या प्रत्येक अर्जात "पूर्वी कोणत्या कंपनीने तुम्हाला नाकारले आहे का?" हा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरे द्यावे लागते. म्हणून अर्ज करण्याआधीच चौकशी होणे शहाणपणाचे. चांगल्या जनरल एजन्सीत अनुभवी माणसे असतात. ती ग्राहकाचे नाव न सांगता दोन-तीन कंपन्यांच्या अंडररायटरांना प्रकरण दाखवतात आणि कुठे दार उघडेल ते आधी पाहतात. एकटा एजंट, त्यातून नवखा, हे सहसा करू शकत नाही.

दुसरे उदाहरण अर्जाचे. ओंटारिओच्या कायद्यानुसार आयुर्विमा सुरू झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत विमेदाराचा मृत्यू झाला, तर कंपनी अर्जातली माहिती तपासते आणि महत्त्वाची गोष्ट लपवलेली आढळली तर पॉलिसी रद्द ठरवू शकते. दोन वर्षांनंतर मात्र तसे करायला फसवणूक सिद्ध व्हावी लागते. इतर प्रांतांतही नियम साधारण असाच आहे. "रक्तदाबाची गोळी लिहू नका, उगीच चौकश्या वाढतील," असे सांगणारा एजंट आपल्यावर उपकार करत नसतो. त्याची किंमत उद्या आपल्या बायको-मुलांना मोजावी लागेल. जिथे अर्ज पुढे पाठवण्यापूर्वी दुसरा कोणीतरी नजर टाकतो, रिकाम्या जागा आणि विसंगत उत्तरे परत पाठवतो, अशा एजन्सीतून गेलेला अर्ज क्लेमच्या वेळी टिकतो.

तिसरे उदाहरण सुपर व्हिसाचे. ही सोय डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली. जुलै २०२२ पासून आई-वडिलांना एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख डॉलरचा, निदान एक वर्षाचा वैद्यकीय विमा लागतो. जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरच्या मान्यताप्राप्त विमा कंपन्यांची पॉलिसीही चालू शकते. आपण बहुतेक जण यात फक्त हप्ता पाहतो. खरा फरक असतो तो आधीपासूनच्या आजारांच्या कलमात. एखाद्या पॉलिसीत आजार ठरावीक काळ "स्थिर" असावा लागतो, आणि त्या काळात डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला किंवा कमी केला, तरी तो आजार अस्थिर धरला जाऊ शकतो. बाबांची हृदयाची गोळी निघण्यापूर्वी महिनाभर आधी बदलली असेल आणि एजंटाने ते विचारलेच नसेल, तर इथल्या इस्पितळाचे बिल मुलाच्या डोक्यावर येते. कोणत्या कंपनीचे कलम कसे आहे, ते दर वर्षी कसे बदलते, हे एजंटांना शिकवत राहणे हे एजन्सीचे काम आहे.

चौथी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाणारी. एजंट निवृत्त झाला, भारतात परत गेला, दुसऱ्या धंद्यात शिरला किंवा वारला, तर त्याच्या ग्राहकांचे काय? अशा पॉलिसींना या व्यवसायात "अनाथ" म्हणतात. पॉलिसी चालू राहते, हप्ता खात्यातून जात राहतो, पण लक्ष ठेवणारे कोणी नसते. आता बहुतेक टर्म पॉलिसींमध्ये अशी तरतूद असते की ठरावीक वयापर्यंत, नवी वैद्यकीय तपासणी न करता, ती कायमच्या विम्यात बदलून घेता येते. ज्याला मधल्या काळात कर्करोग किंवा हृदयविकार झाला, त्याला बाहेर नवा विमा मिळणे जवळजवळ अशक्य असते. त्याच्यासाठी ही तरतूद सोन्याच्या मोलाची. पण मुदत टळून गेली की संपले. वीस वर्षांची मुदत संपल्यावर हप्ता अनेक पटींनी वाढतो, तेव्हाही कोणीतरी आधी सांगणारे हवे. चांगली एजन्सी अनाथ पॉलिसी दुसऱ्या एजंटाकडे सोपवते आणि त्या घरी पत्र जाईल, फोन जाईल असे पाहते. माझ्या दृष्टीने एजन्सीची खरी परीक्षा इथे होते, कारण या कामात नवे कमिशन फारसे नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की स्वतंत्र एजंट ही आपल्या फायद्याची व्यवस्था आहे, पण स्वतंत्र म्हणजे एकाकी नव्हे. ज्याच्या मागे शिकवणारे, तपासणारे आणि त्याच्या पश्चात काम सांभाळणारे कोणी नाही, अशा एजंटाकडून आयुष्यभराची पॉलिसी घेणे धोक्याचे आहे, मग तो कितीही सज्जन असो.

दोन गोष्टी नजरेआड करू नयेत

पहिली गोष्ट मालकीची. गेल्या काही वर्षांत मोठ्या जनरल एजन्सी एकेक करून विमा कंपन्यांनी विकत घेतल्या. २०१७ साली फायनान्शियल होरायझन्स ही एजन्सी ग्रेट-वेस्ट लाइफच्या समूहाकडे गेली. २०१८ साली पी.पी.आय. ही इंडस्ट्रियल अलायन्सने घेतली. २०२३ साली वर्ल्डसोर्सचा विमा-वितरणाचा व्यवसाय देझार्दाँ समूहाने घेतला. या एजन्सी आजही अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकतात आणि मालकी बदलली म्हणून त्यांचा सल्ला वाईट झाला, असे मी म्हणत नाही. मोठ्या मालकामुळे संगणक, प्रशिक्षण आणि तपासणी यांवर जास्त खर्च करता येतो, हेही खरे. पण "मी स्वतंत्र आहे" असे सांगणाऱ्या एजंटाने आपल्या एजन्सीचा मालक कोण, हेही सांगितले पाहिजे. आपल्यासमोर ठेवलेल्या तीन पॉलिसींपैकी एक मालकाचीच असेल, तर ते आपल्याला माहीत असायला हवे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती थेट आपल्या समाजाला लागू पडते. काही एजन्सींचा भर विमा विकण्यापेक्षा नवे एजंट भरती करण्यावर असतो. नुकतेच आलेले तरुण जोडपे, हातात अजून मनासारखी नोकरी नाही, इंजिनियरिंगची पदवी इथे लगेच चालत नाही. अशा वेळी कोणीतरी हॉटेलच्या सभागृहात नेतो, मोठमोठ्या चेकच्या गोष्टी सांगतो आणि परीक्षा देऊन लायसेन्स काढायला लावतो. पहिली पॉलिसी स्वतःची, दुसरी मेव्हण्याची, तिसरी शेजाऱ्याची. मग ओळखीच्या माणसांची यादी काढायची आणि त्यांनाही भरती करायचे, म्हणजे त्यांच्या कमिशनमधला वाटा वर सरकत राहतो. यादी संपली की बहुतेकांचा उत्साहही संपतो. मागे उरतात त्या अनाथ पॉलिसी आणि दुखावलेली नाती.

ही केवळ माझी कुरकुर नाही. २०२२ साली ओंटारिओच्या वित्तीय सेवा नियामक संस्थेने, म्हणजे एफ.एस.आर.ए.ने, भरतीवर आधारलेल्या तीन जनरल एजन्सींची तपासणी करून निष्कर्ष जाहीर केले. एजंटांचे प्रशिक्षण आणि त्यांच्यावरची देखरेख यांत गंभीर उणिवा आढळल्या, आणि ग्राहकाच्या गरजेला न जुळणाऱ्या युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी विकल्या जात असल्याची चिंता व्यक्त झाली. युनिव्हर्सल लाइफमध्ये विमा आणि गुंतवणूक एकत्र असते. ज्यांचे इतर कर-सवलतीचे पर्याय भरून झाले आहेत, अशा सुस्थितीतल्या माणसाला ती उपयोगी पडू शकते. पण काही पॉलिसींत विम्याचा खर्च वयाबरोबर दर वर्षी वाढतो. भरणा कमी पडला किंवा गुंतवणूक फळली नाही, तर म्हातारपणी तो खर्च साठलेली रक्कम खाऊन टाकतो आणि पॉलिसी बंद पडते. दोन लहान मुले आणि घराचे मोठे कर्ज असलेल्या कुटुंबाला बऱ्याचदा साधी टर्म पॉलिसी जास्त रकमेचे संरक्षण देते, तेही कमी हप्त्यात.

सरकारी यंत्रणेला हे दिसत नाही असे नाही. प्रांतोप्रांतीच्या विमा नियामकांच्या परिषदेने २०१२ मध्येच या व्यवस्थेवर भूमिका मांडली होती, आणि एजन्सीला कामे सोपवली तरी अंतिम जबाबदारी विमा कंपनीचीच राहते, असे त्यात स्पष्ट होते. सस्कॅचेवनमध्ये २०२० सालच्या नव्या विमा कायद्यापासून जनरल एजन्सीला वेगळे लायसेन्स लागते. तरीही आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी कोण येऊन बसते, यावर लक्ष ठेवायला सरकार येणार नाही. ते आपणच ठेवायचे.

एजंट होऊ पाहणाऱ्यांना दोन शब्द

आपली मुले-मुली, भाचे-पुतणे या व्यवसायात येत असतील तर त्यांना परावृत्त करू नये. व्यवसाय प्रामाणिक आहे आणि आपल्या भाषेत समजावून सांगणाऱ्या माणसांची गरजही आहे. आयुर्विम्याच्या लायसेन्ससाठी चार विभागांची परीक्षा असते. ओंटारिओत लायसेन्स दोन वर्षांचे असते, त्या काळात तीस तासांचे शिक्षण पुरे करावे लागते, आणि सल्ल्यातल्या चुकीबद्दल स्वतःचा किमान दहा लाख डॉलरचा विमा बाळगावा लागतो. पण परीक्षा पास होणे म्हणजे विहिरीच्या काठावर येणे. पोहायला शिकवते ती एजन्सी.

म्हणून एजन्सी निवडताना कमिशनचे टक्के शेवटी विचारावेत. आधी विचारावे की पहिले वर्षभर माझ्याबरोबर ग्राहकाकडे कोण येईल, माझे अर्ज कोण तपासेल, मी सोडून गेलो तर माझे ग्राहक कोणाचे. पॉलिसी पहिल्या एक-दोन वर्षांत बंद पडली तर दिलेले कमिशन कंपनी परत मागते, हेही आधी समजून घ्यावे. नातेवाइकांना घाईने विकलेली पॉलिसी बंद पडली की कर्ज नव्या एजंटाच्या अंगावर येते. आणि जिथे ग्राहकापेक्षा नव्या भरतीबद्दल जास्त बोलले जाते, तिथून नमस्कार करून उठावे.

विचारावयाचे प्रश्न

पुढच्या वेळी एजंट घरी आला, की चहा द्या, विचारपूस करा आणि हे प्रश्नही विचारा:

१. तुमचे लायसेन्स चालू आहे का? (एफ.एस.आर.ए.च्या यादीत ते आपल्याला स्वतः फुकट तपासता येते. इतर प्रांतांतही अशी सोय आहे.)

२. तुमची जनरल एजन्सी कोणती, आणि तिचा मालक कोण?

३. तुम्ही किती कंपन्यांच्या पॉलिसी विकू शकता? गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती कंपन्यांच्या विकल्या?

४. माझ्यासाठी हीच पॉलिसी का, हे लिहून द्याल का?

५. माझा आजार लक्षात घेऊन अर्जाआधी कंपन्यांकडे चौकशी झाली आहे का?

६. तुम्ही हा व्यवसाय सोडलात तर माझी पॉलिसी कोण पाहील? त्या कार्यालयाचा फोन द्या.

चांगल्या एजंटाला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट त्याची उत्तरे तयार असतील. ज्याला राग येईल, त्याने आपले काम सोपे केले असे समजावे.

पॉलिसी हातात आल्यावर ती शांतपणे वाचा. आयुर्विम्यात साधारणपणे दहा दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत आणि एजन्सीचा फोन घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या. कित्येक घरांत हे कागद कुठे आहेत ते फक्त एकालाच ठाऊक असते, आणि नेमका तोच माणूस गेल्यावर त्यांची गरज पडते.

तक्रार असेल तर आधी एजन्सीकडे आणि विमा कंपनीकडे लेखी करा. कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर आयुर्विमा आणि आरोग्य विम्यासाठी स्वतंत्र लोकपाल-सेवा आहे, ती फुकट आहे. एजंटाच्या वर्तनाबद्दल प्रांताच्या नियामकाकडे जाता येते. विमा कंपनीच बुडाली तर काय, ही भीती १९९४ साली कॉन्फेडरेशन लाइफ बुडाली तेव्हापासून जुन्या मंडळींच्या मनात आहे. त्यासाठी अ‍ॅश्युरिस ही संस्था आहे. २०२३ पासून तिच्यामार्फत मृत्यूनंतरच्या रकमेला दहा लाख डॉलर किंवा नव्वद टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढे संरक्षण आहे. म्हणजे कंपनी बुडण्याची सोय कायद्याने पाहिली आहे. चुकीचा सल्ला मिळाला आणि नंतर कोणी विचारायलाच आले नाही, यावर मात्र असे संरक्षण नाही.

आपण परक्या देशात घर उभे केले, तेव्हा एकमेकांच्या शब्दावर बरेच काही चालवले, आणि ते योग्यच होते. पण विमा हा असा करार आहे की ज्याने तो केला, तो बहुतेक वेळा क्लेमच्या दिवशी हजर नसतो. त्या दिवशी आपल्या घरच्यांचा फोन कोण उचलणार आहे, हे आजच विचारून ठेवावे.